भिंतीवरचा फिश टँक घ्यायचाय, चार इंची भिंतीला झेपेल का?

चिमणी_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते, वन बीएचके, दुसरा मजला. हॉलमध्ये दिवाण, टीव्ही युनिट आणि मधनं चालायला एक पट्टा, बास, टेबल मांडून त्यावर टँक ठेवायला जागाच नाही. पोरगं सहा वर्षांचं, मे महिन्यात तासगावला मामाकडं मासे बघून आलंय तेव्हापासून सकाळी तोंडात ब्रश असताना पण तोच विषय. तर ऑनलाईन ते भिंतीला टांगायचे टँक बघितले, फोटोफ्रेमसारखे दिसतात बघा, मी बघितलेला २४ इंच लांब, १२ इंच उंच आणि ५ इंच खोल आहे, काचेचा, सोबत लाईट, छोटा फिल्टर आणि चार स्क्रू येतात म्हणे. मला तो हॉल आणि किचनच्या मधल्या भिंतीवर लावायचाय, ती चार इंची आहे, आमच्या ओळखीचा मिस्त्री म्हणाला काय होत नाही वहिनी, चार स्क्रू म्हणजे चिक्कार झाले. आमच्या ह्यांना पटत नाहीये.

दुसरं म्हणजे सासूबाईंचं म्हणणं नऊ मासे पाहिजेत, आठ सोनेरी आणि एक काळा, वास्तूला चांगलं असतं. मला काही अडचण नाही, गोल्डफिश दिसतात पण छान. टँक आला की त्याच दिवशी आणायचे ठरलंय. पाणी आमच्याकडं सकाळी महापालिकेचं येतं आणि वापरायला सोसायटीचं बोअर आहे. लाईट अधनंमधनं जाते, पावसाळ्यात जरा जास्तच. कुणी लावलाय का असला टँक? पुढं त्याचं करायला किती लागतं? खरं खरं सांगा, घेऊन पस्तावायला नको.

विटेवर_वीट

ताई, मिस्त्रीला म्हणावं ड्रिल मशीन खाली ठेव आधी.

हिशोब सांगतो. २४ गुणिले १२ गुणिले ५ म्हणजे १४४० घन इंच. साधारण ६१ घन इंचाला एक लिटर, म्हणजे काठोकाठ साडेतेवीस लिटर. एक लिटर पाणी एक किलो. ५ एमएमची काच धरली तर नुसत्या काचेचं साडेसहा किलो, खाली खडी तीन-चार किलो, फ्रेम आणि लाईट वेगळं. गेलं ३४-३५ किलोवर. घरचा भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतो. आता डोळे मिटून विचार करा, तो सिलिंडर तुम्ही चार स्क्रूंवर भिंतीला अडकवलाय आणि खाली पोरगं कार्टून बघत बसलंय.

चार इंची भिंत म्हणजे विटेची एकच जाडी, ती नुसती खोल्या पाडायला घातलेली असते. त्यात सोबत आलेले प्लॅस्टिकचे गिट्टे ठोकले तर ते निम्मे प्लास्टरमध्येच बसतात, विटेत जातच नाहीत. त्यात असं आहे की टँकचं वजन भिंतीच्या बाहेर लोंबतं, त्यामुळं खालचे स्क्रू भिंतीत दाबले जातात पण वरचे सारखे बाहेर ओढले जातात. कॅलेंडरला लागतो तसला हा खिळा नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाचा तो अर्धगोल प्लॅस्टिकचा बाऊल असाच तीन महिन्यांनी प्लास्टरच्या खपलीसकट खाली आला, तो तर चार लिटरचा पण नव्हता.

आणि सगळ्यात मोठी भानगड, हॉल-किचनची भिंत. पलीकडं सिंक आहे ना? त्याच भिंतीतनं कन्सील पाईप गेलेली असण्याची शक्यता मोठी. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली वायरींची पाईप असते. तिथं ड्रिल घातलं तर मासे यायच्या आधीच पाणी येईल.

नऊ इंची भिंत शोधा. शेजारच्या फ्लॅटला लागून असते ती सगळ्यात बरी, कारण बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि पश्चिमेची असेल तर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत तापलेली असते. विटेची भिंत असेल तर विटेत निदान तीन इंच जाईल असा लांब फास्टनर, म्हणजे आवळला की आत फुगून धरणारा बोल्ट, सांध्यात नाही, विटेच्या मधोमध. बिल्डिंग नवी असेल आणि ते पांढरे हलके ब्लॉक असतील तर त्याचे प्लग वेगळे मिळतात, साधा फास्टनर आवळला की ब्लॉक आतल्या आत पीठ होतो. चार इंचीवरच लावायचा हट्ट असेल तर आरपार बोल्ट आणि पलीकडनं लोखंडी पट्टी, दुसरा मार्ग नाही.

मी असतो तर टँकच्या मागच्या त्या पत्र्याच्या हुकांवर विश्वासच ठेवला नसता. कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडनं एल अँगलचं सांगाडा-स्टँड करून घ्या, भिंतीला चार-सहा ठिकाणी धरलेलं, त्यावर टँक नुसता बसतो, दिसायला भिंतीवरचाच दिसतो. खाली थर्माकोलचा पातळ शीट घाला, काच कधी नुसत्या लोखंडावर ठेवायची नाही. लेव्हल ट्यूब लावून बघा, टँक वाकडा असेल तर पाण्याची रेघ रोज चुगली करते.

चिमणी_विश्रामबाग

बाप रे, सिलिंडरचं ऐकून ह्यांनी लगेच मला मान हलवून दाखवली 😄 शेजारच्यांना लागून भिंत आहे नऊ इंची, दिवाणाच्या वर. तिथं चालेल का? आणि उंची किती ठेवायची?

मिरजेचा_मन्या

ताई दिवाणाच्या वर नको, रात्री थेंब पडला की झोपणाऱ्याच्या अंगावर. टीव्हीच्या वर नको. स्विचबोर्डाच्या वर तर चुकून पण नको. दिवाण सरकवा, टँक नाही.

उंचीचं असं बघा, टँकचा वरचा काठ तुमच्या खांद्याच्या आसपास आला पाहिजे, कारण दर आठवड्याला तुम्हालाच त्यात हात घालायचाय. फोटोत दिसतं म्हणून लोक वर छताकडं लावतात आणि मग स्टुलावर चढून बादली धरून पाणी बदलायचा कंटाळा येतो, कंटाळा आला की मासे मरतात, बास एवढंच गणित आहे. वर हात जायला निदान कोपरापर्यंत मोकळी जागा ठेवा. आणि ५ इंच खोली म्हणजे आत हात कसाबसा जातो हे पण लक्षात घ्या, माझा तर मूठ वळली की अडकतो.

आता माझी फजिती ऐका म्हणजे तुमची होणार नाही. माझा पण भिंतीवरचाच आहे, पहिल्या वर्षी सोबतचा फिल्टर बिघडला म्हणून हवेची मोटर आणि दगड आणला, मोटर खाली टीव्ही युनिटवर ठेवली, नळी वर टँकात. मस्त बुडबुडे. एका रात्री अडीचच्या सुमारास लाईट गेली आणि मला कळलं पण नाही. मोटर बंद पडली की हवा थांबते आणि टँकातलं पाणी त्याच नळीतनं उलटं खाली यायला लागतं, आपण कॅनमधनं रॉकेल काढायचो ना तोंडानं ओढून, तसं. सकाळी आईनं हाक मारली, फरशीवर पाणी, सेटटॉप बॉक्स भिजलेला, आणि टँकात दोन इंच पाण्यात सगळे गप्पी एका कोपऱ्यात गोळा होऊन माझ्याकडं बघत होते. नशीब दगड तळाला टेकला नव्हता, वाळूवर एका बाजूला तिरका पडला होता, नाहीतर तेवढं पण पाणी राहिलं नसतं.

त्यावर इलाज एकदम सोपा. मोटर टँकच्या पाण्याच्या लेव्हलच्या वर टांगा, किंवा नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह घाला, छोटीशी पारदर्शक पुंगी असते, कुठल्याही दुकानात मिळते, दहा-वीस रुपड्यांची वस्तू. मी आता दोन्ही करतो.

वायरचं पण एक आहे. टँकातनं निघालेली वायर सरळ सॉकेटात नेऊ नका. ती आधी सॉकेटच्या खाली झोक्यासारखी लोंबू द्या आणि मग वर नेऊन प्लग लावा. वायरीवरनं ओघळत आलेलं पाणी त्या झोक्याच्या तळाला ठिबकतं, सॉकेटात जात नाही. आणि हात पाण्यात घालायच्या आधी सगळे प्लग काढायचे, बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही.

हळदीची_पेठ

एवढं सगळं करण्यापेक्षा मासे खाल्लेले परवडतात ओ 😂

बाकी माझ्याकडनं एक टीप घ्या, पाण्यात चिमूटभर हळद टाकत जा, जंतू होत नाहीत, आपल्या सांगलीत हळदीला काय तोटा.

झूलॉजीवाल्या_बाई

हळद टाकू नका हो. सांगलीची असली तरी नको. पाणी गढूळ होतं, पूड कल्ल्यांवर बसते आणि फिल्टरचा स्पंज पिवळा होऊन चोंदतो. खाल्लेले परवडतात हे मात्र खरं.

चिमणीताई, तुमच्या पोस्टमधलं मला खटकलेलं वाक्य भिंतीचं नाही, 'त्याच दिवशी गोल्डफिश आणायचे' हे आहे. ते समजून घ्या.

मासा जे खातो त्यातनं अमोनिया बाहेर टाकतो, बराचसा कल्ल्यांवाटेच. अमोनिया माशाला विष. टँकात, विशेषतः फिल्टरच्या स्पंजवर, काही जिवाणू वाढतात ते त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषच, मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी सोसवतं आणि आपण पाणी बदलून काढून टाकतो. नव्या कोऱ्या टँकात हे जिवाणू नसतात. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी नऊ मासे सोडले की चौथ्या-पाचव्या दिवशी एकेक उलटा तरंगायला लागतो, लोक म्हणतात दुकानदारानं आजारी मासे दिले. बिचाऱ्या दुकानदाराचा दर वेळी दोष नसतो.

टँक लावा, पाणी भरा, फिल्टर चोवीस तास चालू, आणि मासे नसताना रोज चिमूटभर खाद्य टाका, ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना जेवण मिळतं. आणि यावर आपल्या घरातलाच उपाय आहे, विरजण. दही लावताना शेजारणीकडनं चमचाभर आणतो ना, तसं ज्याचा टँक वर्षभर नीट चाललाय त्याच्या फिल्टरचा जुना स्पंज थोडा आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा, किंवा तो तुमच्या टँकच्या पाण्यात पिळायचा. घाण पाणी दिसेल, दिसू दे. बरेच दिवस वाचतात. मात्र त्याच्या टँकात रोग नाही ना ते बघून घ्या. आणि पुढं कधीही स्पंज नळाखाली धुवू नका, नळातल्या क्लोरीननं सगळं विरजण मरतं, टँकातनं काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळायचा. साबण तर टँकच्या जवळ पण नको.

अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंबांचे किट मिळतात. दोन्ही शून्य आणि नायट्रेट थोडं दिसायला लागलं की समजा घर तयार.

आता आठ सोनेरी. तुमच्या टँकात खडी, फिल्टर आणि वरची मोकळी जागा सोडली तर खरं पाणी १९-२० लिटर. साधा गोल्डफिश नीट वाढला तर आठ-दहा इंचाचा होतो, ५ इंच खोल टँकात तो वळणार कसा सांगा? टँक छोटा असला की मासा छोटाच राहतो असं दुकानात सांगतात, तो छोटा राहत नाही, खुरटतो आणि लवकर मरतो. शिवाय त्याची घाण भरपूर. जुने शौकीन लोक पाण्याच्या पृष्ठभागावरनं हिशोब धरायचे, कारण प्राणवायू वरनंच विरघळतो. तुमचा पृष्ठभाग २४ गुणिले ५, म्हणजे १२० चौरस इंच. छोट्या उष्ण पाण्यातल्या माशाला दर इंचामागं १२ चौरस इंच धरलं तर सगळे मिळून दहा इंच मासे. गोल्डफिशला ३० धरतात, म्हणजे सगळे मिळून चार इंच. एक पिल्लू. आठ सोनेरी विसरा, काळ्याला पण जागा नाही.

पाच-सहा नर गप्पी ठेवा. किंवा एकटा फायटर, म्हणजे लांब परांचा बेटा मासा. फायटरला कल्ल्यांखेरीज हवेतनं श्वास घ्यायचा अवयव असतो, त्यामुळं दुकानात तो बाटलीत जगतो, म्हणून घरी पण बाटलीत ठेवावा असं नाही. वीस लिटर त्याला राजवाडा. फक्त फिल्टरचा झोत हळू ठेवा, लांब परांनी त्याला पोहवत नाही. आणि दोन नर कधी नाही. झाकण मात्र घट्ट, फायटर उडी मारतो.

हळदीची_पेठ

बाई, घेतला शब्द मागं 🙏 पण एक विचारू? ते नाल्यात सोडतात ते गप्पी हेच का?

झूलॉजीवाल्या_बाई

हेच. आरोग्य खात्याचे हिवतापवाले डासांच्या अळ्या खायला साठलेल्या पाण्यात सोडतात ते. भिंतींवर लिहिलेलं असायचं गप्पी मासे पाळा म्हणून. दुकानातले रंगीत शेपटीवाले त्यांचेच शहरी भाऊ. मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे, पण इतके चिवट की आता आपलेच वाटतात. जड पाणी पण सोसतात, म्हणून बोअरवाल्या भागात गप्पीच बरे. पण जास्त झाले म्हणून कृष्णेत सोडायला जाऊ नका कुणी. तो काच चाटणारा सकर पण नको, दुकानात बोटाएवढा देतात आणि तो फूटभराच्या वर जातो, मग लोक नदीत टाकतात आणि नदीतल्या आपल्या माशांच्या वाट्याचं तो खातो.

गावभागकर

मी जुना खेळाडू, चाळीस वर्षं मासे पाळतोय, टायपायला वेळ लागतो सांभाळून घ्या.

माझा चार फुटी टँक होता खालच्या खोलीत. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळीच ४५, आमच्याकडं पहिल्या मजल्याच्या पायऱ्या चढत होतं. आम्ही माणसं, कागदपत्रं आणि देवातली चांदी घेऊन निघालो, माशांचं कुणाला सुचणार. आठवड्यानं परत आलो तर टँक जागेवर, एक काच पण तडकली नव्हती, आत गुडघाभर गाळ. मासे नव्हते. मिसेस म्हणाली गेले नदीला. तेव्हापासून मोठा टँक केला नाही, आता वरच्या खोलीत भिंतीला अडीच फुटी आहे, अँगलवर, वर वीटवाल्यांनी सांगितलं तसाच.

पाण्याचं सांगतो. महापालिकेचं पाणी कृष्णेचंच, त्यात क्लोरीन असतं. पिपात किंवा बादलीत उघडं भरून एक दिवस ठेवलं तर साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीनचे थेंब मिळतात, बाटलीवर लिहिलंय तेवढेच. आमच्या वेळी फोटो स्टुडिओतनं हायपोचे खडे आणायचो, तीच वस्तू, सोडियम थायोसल्फेट. पावसाळ्यात नदी तांबडी झाली की पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा आठवडाभर पाणी बदललं नाही तरी चालेल पण वासाचं पाणी तसंच ओतायचं नाही. बोअरचं एकट्यानं वापरू नका, क्षार काचेवर पांढरी रेघ सोडतात, ती मग व्हिनेगरशिवाय निघत नाही. आरओचं पण नुसतं नको, त्यात काहीच उरत नाही. नळाचं उत्तम.

छोट्या टँकचा खरा शत्रू आपला उन्हाळा. मोठा टँक हळू तापतो, हा पातळ, दोन्हीकडनं काच, एप्रिल-मे मध्ये दुपारी बोट घातलं तर कोमट लागतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे वर येऊन तोंड उघडमीट करायला लागतात. झाकण उघडून पाण्यावरनं छोटा पंखा सोडा, दोनतीन डिग्री उतरतं. मग पाणी आटतं रोज, ते भरत जायचं. बर्फाचे खडे एकदम टाकू नका. थंडीत उलटं, डिसेंबरात पहाटे पाणी गार पडतं आणि अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके येतात, त्याला इक म्हणतात. तेव्हा २५ वॅटचा हीटर बास आहे एवढ्याला, आणि खडे मीठ, आयोडीनवालं नाही, लिटरला दोन ग्रॅम, विरघळवून दोनतीन वेळा थोडं थोडं. पाणी काढायच्या आधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं, गरम नळी उघडी पडली की तडकते. माझ्या दोन गेल्यात.

चिमणी_विश्रामबाग

काका तुमचं वाचून कसंतरीच झालं. आम्ही २०१९ ला इथं नव्हतो.

सगळ्यांचे आभार, टँक मागवला. सासूबाईंना अजून सांगितलं नाही की आठ सोनेरी येत नाहीत, योग्य वेळ बघतेय. खाण्याचं आणि साफ करायचं पण सांगा ना कुणीतरी, पोरगं आत्तापासून विचारतंय मी काय भरवू. आणि आम्ही दिवाळीत आठ दिवस गावी असतो.

मिरजेचा_मन्या

पोराला पहिला नियम, पालथ्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच, दिवसातनं एकदा, फार तर दोनदा. दोन मिनिटांत संपलं नाही म्हणजे जास्त झालं. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं धरा. मासे कायम उपाशी असल्यासारखंच करतात, नाटकी असतात, ऐकायचं नाही. माझ्या भाच्यानं मूठभर भडंग टाकलं होतं, शेंगदाणे आणि लसणासकट, वर तेलाचा तवंग, मी बाहेर गेलो होतो. निम्मं पाणी बदललं रात्री बसून. चपाती, ब्रेड, भात काही नाही. खाद्याची डबी वरच्या कपाटात ठेवा.

आठ दिवस गावी जायचं तर नुसतं उपाशी ठेवा, मोठे मासे आरामात काढतात. शेजाऱ्यांना चावी देऊन खायला घाला म्हणू नका, ते प्रेमानं मारतात.

आठवड्याला चार-पाच लिटर, म्हणजे एक छोटी बादली, नळीनं तळाची घाण ओढून काढायची. सगळं पाणी कधी नाही काढायचं. काढलेलं पाणी कुंडीतल्या तुळशीला, गुलाबाला, नुसतं खत आहे ते. काच आतनं जुन्या एटीएम कार्डानं खरवडा. टँक अॅक्रिलिकचा असता तर ते पण नाही, ओरखडे येतात. बाहेरनं काच पुसायचा निळा स्प्रे मारू नका, काहींत अमोनिया असतो, ओल्या फडक्यानं पुसा. लाईट सहा-सात तास, टायमर लावा, रात्रभर नाईट लॅम्प म्हणून चालू ठेवला की महिन्यात हिरवा डबा. मनीप्लँटची एक फांदी मुळं पाण्यात सोडून ठेवा, पानं वर, नायट्रेट ओढून घेते आणि दिसतं पण भारी.

विरजण पाहिजे असेल तर सांगा, माझा स्पंज अर्धा कापून देतो, मिरजेत यायला लागेल.

विटेवर_वीट

टांगायच्या आधी टँक बाथरूममध्ये किंवा गच्चीवर सपाट जागी भरून दोन दिवस ठेवा, खाली वर्तमानपत्र. कागद कोरडा राहिला तरच भिंतीवर. कोपऱ्यात पाझर असेल तर परत पाठवा, स्वतः चिकटवत बसू नका. चिकटवायचंच झालं तर बाथरूमचं बुरशी न येणारं सिलिकॉन नको, त्यातलं औषध माशांना मारतं.

चिमणी_विश्रामबाग

सहा आठवड्यांनी परत आलेय, सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

पहिला टँक बाथरूममध्येच पाझरला, डाव्या खालच्या कोपऱ्यातनं, वर्तमानपत्रावर तांब्याएवढा गोल उमटला. परत दिला, दुसरा यायला नऊ दिवस. तोपर्यंत कुपवाडात अँगल करून आणला, काळा रंग मारला. दिवाण खिडकीकडं सरकवला आणि नऊ इंची भिंतीला लावला, सहा फास्टनर. ह्यांनी लावल्यावर आधी स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं, मग टँक ठेवू दिला.

मन्यादादाच्या स्पंजचं विरजण घातलं. तरी पण पहिल्या आठवड्यात पाणी दुधासारखं पांढरं झालं, मी घाबरले, बाईंना मेसेज केला तर म्हणाल्या जिवाणू वाढताहेत, काही करू नका, हात बांधून बसा. चौथ्या दिवशी आपोआप निवळलं. तीन आठवडे रिकामा टँक बघून पोरगं आल्यागेल्याला सांगायचं 'आमच्याकडं पाणी पाळलंय'.

मग पाच गप्पी आणले, दुकानातल्या पोरानं सगळे नर म्हणून दिले. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता, पाचच? आणि सोनेरी कुठायत? मी बाईंचा तो चौरस इंचाचा हिशोब वहीत मांडून दाखवला तर म्हणाल्या देवाला हिशोब नसतो. मी गप्प बसले.

काल सकाळी त्यांनीच हाक मारली, मनीप्लँटच्या मुळांत काहीतरी हलतंय. जाऊन बघते तर टाचणीच्या डोक्याएवढे डोळे, खाली पारदर्शक शेपटी. पाचातली एक मादी निघाली. सासूबाई चष्मा लावून अर्धा तास मोजत होत्या, एकदा अकरा भरले, एकदा चौदा. आता म्हणतात नऊ ठेव, बाकीची दे कुणाला.

तर पिल्लं कुणाला पाहिजेत का? महिन्याभरानं जरा मोठी झाली की विश्रामबागेत येऊन न्या. विरजण पण देते सोबत.

हळदीची_पेठ

चार माझी. रिकामा टँक उद्याच भरतो, हळद न घालता.